तारकर्ली, तिथी आणि आमचे मेहुणे

मालवणात पाहुण्याला ‘तुम्ही चुकीच्या वेळी आलात’ असं तोंडावर कोणी म्हणत नाही. ‘मागच्या आठवड्यात यायला हवं होतं’ एवढंच म्हणतात. मागच्या आठवड्यात पाणी नितळ होतं. मागच्या आठवड्यात डॉल्फिन अगदी होडीला घासून गेले. मागच्या आठवड्यात सुरमई स्वस्त होती, रस्ता मोकळा होता आणि तुमच्या खिडकीतून आज नारळाचा जो बुंधा दिसतो आहे त्याच्या पलीकडची, समुद्राकडची खोली रिकामी होती. हा मागचा आठवडा नेमका कोणाच्या वाट्याला येतो, कोण जाणे. त्या आठवड्यात जाऊन आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

दोष मालवणचा नाही. तिथे एकाच वेळी तीन कॅलेंडरं चालतात, हा सगळा त्याचा घोळ. पहिलं पर्यटकाचं: शाळेचा निकाल, दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि शनिवार-रविवारला चिकटून आलेली कुठलीही सरकारी सुट्टी. दुसरं गावाचं: मिरग, नारळी पुनव, चतुर्थी, दहीकाले, आंगणेवाडीची जत्रा, आंबा आणि पुन्हा मिरग. तिसरं समुद्राचं, आणि ते तिथीवर चालतं. पहिल्यावर भरवसा ठेवून माणूस रजा काढतो, दुसऱ्यावर त्याच्या ताटात काय पडणार ते ठरतं, आणि तिसऱ्यावर तो कुठपर्यंत भिजणार ते.

आमच्या सहलींचं नियोजन मेहुण्यांकडे असतं. मेहुणे सोलापूरचे, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. इतरांच्या रजा मंजूर-नामंजूर करण्यात आयुष्य गेल्यामुळे हवामानानेही आपल्याकडे रीतसर अर्ज करावा, अशी त्यांची अपेक्षा असते. त्यांच्या फोनमध्ये हवामानाची तीन ॲपं आहेत. तिन्ही वेगवेगळं सांगतात. त्यातलं जे मनासारखं सांगेल ते अधिकृत.

मे महिन्याचा बेत असाच ठरला. ‘दाजी, मालवणला ३३ दाखवतंय,’ मेहुणे फोनवर म्हणाले, ‘आमच्याकडं ४२. म्हणजे थंड हवेचं ठिकाणच झालं की ओ!’

३३ हा आकडा खरा होता. किनाऱ्यावरचा दुपारचा पारा वर्षभर फारसा जागचा हलत नाही. मे महिन्यात ३३-३४, डिसेंबरातही ३२-३३, आणि जुलैत ढगांच्या कृपेने ३० च्या आत. सातवीच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, ते इथे प्रत्यक्ष कामावर असतात. उन्हाळ्यात जमीन सकाळीच तापते, समुद्रावरचा वारा लवकर सुटतो आणि पाऱ्याला वर चढू देत नाही. फक्त येताना तो रिकाम्या हाताने येत नाही, हवेत पाणी भरून घेऊन येतो. सोलापूरचा घाम येतो आणि वाळतो. मालवणचा येतो आणि मुक्कामाला राहतो.

फोंडा घाट गाडीच्या एसीत उतरला. कणकवलीला चहासाठी मेहुण्यांनी दार उघडून पाय बाहेर टाकला आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा धरली. सदऱ्याच्या टोकाने पुसायला गेले तर तोवर सदराच ओला झालेला.

‘दाजी, ह्ये काय?’

‘आर्द्रता.’

‘ॲपमध्ये नव्हती.’

होती. तापमानाच्या खाली, बारीक अक्षरात, टक्केवारीत. पण बँकेतली माणसं बारीक अक्षरं फक्त गिऱ्हाइकासाठी छापतात, स्वतः वाचत नाहीत.

तारकर्लीला पोचेपर्यंत मेहुणे बोलायचे थांबले होते. ज्या घरगुती मुक्कामात आम्ही उतरतो तिथल्या काकींनी तांब्याभर पाणी आणि कोकम सरबत पुढे केलं. ‘उकडता मा?’ त्यांनी हसत विचारलं. ‘वारो पडलोहा. मिरग इलो काय गार होतला.’ मिरग म्हणजे मृग नक्षत्र, ७ जूनच्या आसपास लागतं, हे मी समजावून सांगितलं. मेहुण्यांनी तिथल्या तिथे फोन काढून ७ जूनवर खूण केली.

मे महिन्याची बाजू घेणारी एक गोष्ट मात्र आहे आणि ती टोपलीत असते. उन्हाबद्दल ज्या माणसाने सकाळपासून चार लेखी तक्रारींचा मजकूर तोंडी सांगितला होता, तो दुपारी रस-शिरवाळ्यांच्या ताटावर बसला आणि तासभर कोणाशी बोलला नाही. तांदळाच्या गरम शेवया, त्यावर नारळाचा गोड रस, बाजूला वाटीत हापूस. संध्याकाळी करवंदं, जांभळं, आणि बरक्या फणसाचा गरा, जो चावायच्या आधीच घशातून खाली उतरून जातो आणि माणूस दचकून इकडेतिकडे बघतो. किनाऱ्यावर म्हणून मेहुणे त्या खेपेला स्वतःहून फक्त सूर्य मावळल्यावर गेले, तेही वारा बघायला. एक दुपार मात्र मुलांसाठी उन्हात काढावी लागली. मुलांनी बनाना राइड केली, जेट स्कीवर किंचाळून घेतलं, पॅरासेलिंगच्या दोरीला लटकली. मेहुणे खाली छत्रीत उभे राहून, हात कपाळाला लावून, वर बघत, ‘ह्यात इन्शुरन्स हाय का?’ एवढंच विचारत होते.

मग आला मिरग.

जूनमध्ये मेहुण्यांना खोली निम्म्या दरात मिळाली. दर निम्मा का, हे विचारायची बुद्धी अशा वेळी भल्याभल्यांना होत नाही. साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे सगळे खेळ बंद असतात. स्कूबा नाही, पॅरासेलिंग नाही, डॉल्फिन बघायच्या फेऱ्या नाहीत, सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्याही नाहीत. किल्ला असतो. नोव्हेंबर १६६४ मध्ये महाराजांनी पाया घातल्यापासून तो कुरटे बेटावर जागचा हललेला नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, सगळं आहे. फक्त पावसाळ्यात आपण बंदरावर छत्री सावरत उभं राहून ते आहे असं मानायचं. मेहुण्यांनी मानलं. पण त्यांच्या हातातल्या यादीवर, जिच्या डोक्यावर ‘ॲक्टिव्हिटी’ असं ठळक लिहिलं होतं, पावसाचा थेंब पडून शाई पसरली आणि यादी आपोआप रद्द झाली.

किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापांखाली शाकारून ठेवलेल्या. एक म्हातारे रापणकर पडवीत जाळं विणत बसले होते. मेहुणे बँकेच्या आवाजात म्हणाले, ‘मामा, सकाळी लाटा जरा कमी असताना एक चक्कर मारून आणता का? जादा पैसे देतो.’

म्हाताऱ्यांनी समुद्राकडे बघितलं. समुद्र तेव्हा कमरेएवढ्या भिंती बांधत होता आणि पाडत होता. मग मेहुण्यांकडे बघितलं.

‘पैशे दर्याक दाखवा,’ ते म्हणाले. ‘तेणा घेतल्यान तर माका सांगा.’

जेवायच्या वेळी दुसरा पेच. मेहुण्यांना मालवणात सुरमई लागते. ‘सुरमय?’ काकी म्हणाल्या, ‘ती गेली सुट्टीर.’ १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्र असा, म्हणून. ही रजा मेहुण्यांच्या मंजुरीशिवाय दिली गेली होती, ते त्यांना लागलं. मला विचाराल तर मालवणी स्वयंपाकघराचा खरा हात याच दिवसांत दिसतो. समुद्र काही देत नाही तेव्हा काकींच्या चुलीवर कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज असते, सुक्या बांगड्याचं किसमूर असतं, पहिल्या पावसाने वर आणलेली फोडशी आणि टाकळा असतो, आणि एखाद्या रात्री कोणीतरी बॅटरी घेऊन जातं आणि पिशवीभर कुर्ल्या घेऊन येतं. पिशवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली होती. रात्री पाणी प्यायला उठलेल्या मेहुण्यांना ती चालताना दिसली. त्यानंतर सकाळपर्यंत घरातले सगळेच जागे होते.

तरी दुसऱ्या दिवशी ते हट्टाने बाहेर जाऊन सुरमई खाऊन आले. ती कुठल्या महिन्यातली होती ते त्यांनी सांगितलं नाही, पण फोटो ‘ताजी फडफडीत’ म्हणून बँकेच्या ग्रुपवर गेला.

पावसाबद्दल एवढंच सांगतो: सोलापूरचा वर्षाचा पाऊस इथल्या एका जुलैत बसतो आणि वर उरतो. मेहुण्यांनी अंग पुसायला घरचे टॉवेल आणले होते. सोलापुरी टॉवेल पाणी प्यायला कोणाला ऐकत नाही, पण प्यालेलं पाणी सोडायला त्याला सोलापूरचंच ऊन लागतं. परतीच्या दिवशी ते टॉवेल डिकीत ठेवताना गाडी मागून बोटभर खाली बसली.

जाता जाता त्यांनी काकींना विचारलं, ‘मग समुद्र उघडतो कधी?’ काकी म्हणाल्या, ‘नारळी पुनवेक नारळ दिलो काय.’

हे उत्तर भक्तिभावाने दिलेलं असलं तरी अचूक असतं. नारळी पौर्णिमेला मालवणात मिरवणुकीने जाऊन समुद्राला नारळ अर्पण करतात, बंदरावर नारळ लढवण्याचे डाव रंगतात, आणि त्यानंतर होड्या हळूहळू पाण्यात उतरतात. पण नारळ घेतला म्हणून समुद्र लगेच पर्यटकांच्या सेवेत रुजू होतो, असं नाही. १ सप्टेंबरला कागदावर सगळं सुरू होतं. नद्यांनी डोंगरावरून आणलेली माती तेव्हा किनाऱ्याच्या पाण्यातच असते. या दिवसांत पाण्याखाली गेलेल्या माणसाला आपला स्वतःचा हात दिसला तरी पैसे वसूल.

आणि सप्टेंबरात, किंवा कधी ऑगस्टच्या अखेरीस, चतुर्थी येते. मेहुण्यांनी त्या वर्षी सुट्ट्या जुळवून पाच दिवस काढले होते आणि काकींना फोन लावला. स्पीकर सुरू होता. मागे झांजा, आरती, दोन लहान मुलांचं रडणं आणि कोणाचा तरी ‘माटवीचो दोरो खय गेलो?’ असा आक्रोश.

‘खोल्या आहेत का काकी?’

‘खोल्ये आसत,’ काकी ओरडून म्हणाल्या, ‘पण त्यात आमचीच माणसां आसत!’

वर्षभरातला हा एकच काळ असा की सिंधुदुर्गात पर्यटकाला कोणी विचारत नाही. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात. कोकण रेल्वेच्या गाड्यांची प्रतीक्षा यादी कधीच पुढे सरकेनाशी झालेली असते, जादा गाड्या सोडलेल्या असतात आणि त्याही भरलेल्या असतात. रात्रभर भजनं, फुगड्या, घरोघरी उकडीचे मोदक. होडीवाला देवापुढे मृदंग वाजवत असतो, रिक्षावाला आरतीत असतो, हॉटेलवाला सासुरवाडीला गेलेला असतो. ‘येवा, कोकण आपलाच असा’ ही पाटी खरी आहे, पण त्या दहा-पंधरा दिवसांत ते त्यांचं असतं. ऑक्टोबरविषयी काही लिहीत नाही. त्या महिन्यात ऊन चढतं, वारा पडतो आणि लेखकही.

तर उरला नाताळ. हवा खरंच सुंदर. रात्री पारा २० च्या आसपास उतरतो, पहाटे जमिनीवरून येणारा वारा कोरडा असतो, पाणी नितळ, आकाश धुतलेलं. तिन्ही ॲपं पहिल्यांदाच एकमुखाने बोलली. मेहुणे खूश. अडचण इतकीच की ही बातमी कोल्हापूर, सांगली, पुणे आणि बेळगावलाही कळली होती.

देवबाग म्हणजे एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी आणि मधे चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर घरं, माड, आंगणं आणि या सगळ्यांतून उरेल तेवढा रस्ता. एमएच १३ समोर एमएच ०९ येऊन उभी राहिली. मागे एमएच १२, त्यामागे कर्नाटकची मोठी बस. मागे कोणीही जाणार नव्हतं, कारण मागे जाणं म्हणजे माघार. दोन्ही गाड्यांतून पुरुष उतरले, बायकांनी काचा वर केल्या. ‘आमच्याकडं असं नसतंय,’ मेहुणे म्हणाले. ‘मग तुमच्याकडंच जायाचं की,’ कोल्हापूरकर म्हणाले. शेवटी एक मालवणी आजी काठी टेकत आपल्या आंगणातून बाहेर आल्या, त्यांनी कुंपणाचा आडणा काढला आणि एमएच १३ सरळ तुळशीवृंदावनाशेजारी उभी करायला लावली. ‘तुळशीक धक्को लावू नको रे,’ एवढीच अट होती. मेहुण्यांनी गाडी लावली, आजींकडून दोन बाटल्या कोकमाचं आगळ विकत घेतलं आणि परत निघेपर्यंत कोल्हापूरकरांशी सोयरीक जुळेल इतकी ओळख करून घेतली.

स्कूबाचा प्रसंग सविस्तर सांगायला हवा, कारण त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे.

मालवणात पोहता न येणाऱ्यालाही पाण्याखाली नेऊन आणतात. आधी उथळ पाण्यात शिकवतात: नाकावर काच, त्यामुळे नाक बंद, तोंडात नळी दातांनी घट्ट धरायची, श्वास तोंडाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा, आणि बोलायचं नाही. ‘बोलायचं नाही’ ऐकल्यावर मेहुण्यांच्या बहिणीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, टाकीतला हवेचा साठा किती वेळ पुरतो याची बारकाईने चौकशी केली. मेहुण्यांना काळा रबरी पोशाख चढवताना दोन मुलगे पुढून आणि एक मागून लागला होता. चेन गळ्यापर्यंत आली तेव्हा मेहुण्यांचा आवाज दीड पट्टी वर गेला होता.

मग खुणा. आता पाण्याखालच्या जगाचा एक नियम आहे, आणि तो आपल्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध आहे. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर ‘ठीक आहे’. नुसता अंगठा वर केला तर ‘मला वर न्या’. शिकवणाऱ्या मुलाने हे तीनदा सांगितलं, मेहुण्यांनी तीनदा मान डोलावली. आणि दिवसाला शंभर मेसेजना अंगठा दाखवणारा तो माणूस पाण्यात उतरला.

खाली किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे थव्याने येतात. ते मेहुण्यांच्या काचेपर्यंत आले. मुलाने गोल करून विचारलं, ठीक? मेहुणे इतके हरखले होते की त्यांनी अंगठा दाखवला. मुलाने त्यांना वर आणलं.

‘काय झालं काका?’

‘कुठं काय? मस्त चाललंय म्हणून सांगितलं की!’

पुन्हा खाली. पुन्हा मासे. मासेही आता ओळखू लागले असावेत. मुलाने गोल केला. मेहुण्यांनी, या खेपेला जास्तच आनंद झाल्यामुळे, दोन्ही हातांचे अंगठे दाखवले. मुलाने त्यांना दुप्पट वेगाने वर आणलं. होडीत बसलेल्या आम्हाला नुसतं दिसत होतं की पाण्यातून मेहुणे उगवतात, काहीतरी वाद घालतात आणि मावळतात. शेवटी त्या मुलाने युक्ती केली. खाली गेल्यावर त्याने मेहुण्यांचे दोन्ही अंगठे आपल्या मुठीत धरले आणि तसंच त्यांना फिरवून आणलं. ठरलेल्या पैशात फोटो आणि व्हिडिओ धरलेला असतो. त्या व्हिडिओत सिनेमाच्या संगीतावर एक काळी आकृती एका तरुणाचा हात हातात घेऊन प्रवाळांमधून विहार करते आहे. सोलापुरात तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला जातो. अंगठ्यांचा भाग कापलेला आहे.

त्याच मुक्कामात तिसऱ्या कॅलेंडरने हिसका दाखवला. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे खाडीत वाळूचा एक दांडा आहे, त्याला आता सगळे सुनामी बेट म्हणतात; २००४ च्या सुनामीनंतर तो वर आला असं सांगतात. पाण्यावरचे खेळ तिथे चालतात, चहा-भजी मिळतात. मेहुण्यांनी दुपारी बाराची होडी ठरवली. ऊन छान, वारा बेताचा, ॲपवर पिवळाधमक सूर्य. यजमान काका विडा लावत बसले होते.

‘आज तिथ काय?’ त्यांनी विचारलं.

‘२६ डिसेंबर.’

‘तारीख नाय. तिथ.’

घरात कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. काकींना होतं, कारण त्या दिवशी दत्तजयंती होती. म्हणजे पौर्णिमा. काकांनी विडा तोंडात टाकला आणि हिशेब मांडला. कोकणात हा हिशेब पोराटोरांनाही येतो: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे भरती सहाला आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. शिवाय पुनवेचं उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर चढणार.

‘बारा वाजता होडी गावात,’ काका म्हणाले. ‘बेट गावाचा नाय.’

मेहुण्यांनी आयुष्यभर पाऊणपटीने फक्त तारणाची किंमत ठरवली होती. त्यांनी फोनवरचा सूर्य काकांना दाखवला. काकांनी तो कौतुकाने पाहिला आणि परत दिला.

होडी बाराला गेली. बेट होतं, पण पाण्याखाली. होडीवाल्याने नांगर टाकला आणि ‘उतरा, ह्यांच बेट’ म्हणाला. गुडघ्यापर्यंत पाण्यात मेहुणे उतरले, मग मी, मग सगळे. आजूबाजूला आमच्यासारखीच ॲपं बघून आलेली चार-पाच कुटुंबं पाण्यात उभी होती, एकमेकांकडे बघत, चपला हातात धरून. बसायला जागा नाही, पिशवी ठेवायला जागा नाही. तरी चहा मिळाला. मेहुण्यांनी डाव्या हातात चपला, उजव्या हातात चहा आणि दातांत पाकीट अशा अवस्थेत बेटाचं दर्शन घेतलं.

हे सगळं वाचून तुम्ही विचाराल, मग त्या मागच्या आठवड्याच्या जवळपास जाणारं काही आहे की नाही. आहे. फेब्रुवारी. लांब सुट्टी नाही, परीक्षा तोंडावर, म्हणून पर्यटक नाही. पाणी स्वच्छ असतं, स्कूबावाला घाई करत नाही. चिवल्याच्या किनाऱ्यावर पहाटे रापण ओढली जाते, दोन बाजूंनी दोन दोर आणि माणसांच्या दोन ओळी. पाहुण्याने दोराला हात लावला तर कोणी नको म्हणत नाही. मेहुण्यांनी लावला. अर्धा तास ओढून तळहात सोलून घेतले आणि ओढणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांनाही वाटा मिळाला: सहा तारल्या आणि एक बांगडा. पगाराच्या पहिल्या पाकिटालाही त्यांनी इतकं जपलं नसेल. काकींनी त्या दुपारी ओल्या काजूंची उसळ केली होती, बांगडा तिरफळ घालून केला. मेहुण्यांनी बांगड्याचे भाग पाडताना रीतसर समान वाटपाचा आग्रह धरला.

रात्री दशावतार. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सुरू झालेला जत्रांचा हंगाम अजून चालू असतो. देवळासमोर मांडव, एक बाकडं, मागे पडदा, हार्मोनियम, पखवाज, झांज. संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर उभे राहतात आणि सुचेल तसं शास्त्रोक्त भांडतात. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं तशी सोलापुरी चादर शेवटी कामाला आली. राक्षसाने राजाला ‘तुझं राज्य कोणत्या आधारावर उभं आहे?’ असं विचारलं तेव्हा चादरीतून आवाज आला, ‘तारण काय ठेवलंय ते इचारा.’ राक्षस क्षणभर थांबला, मग वळून राजाला तोच प्रश्न त्याने टाकला. मांडवात हशा. पहाटे नाटक संपलं तेव्हा मेहुणे जागे होते, आणि राणीचं काम केलेल्या मिशी काढलेल्या गृहस्थांशी गृहकर्जाच्या दरांवर बोलत होते.

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही साधारण याच सुमारास, कधी मार्चात. नक्की केव्हा, ते कोणत्याही पंचांगात नसतं. कौल लागतो, मग तारीख ठरते, मग मुंबईचे फोन खणखणतात, मग रेल्वे जादा गाड्या सोडते आणि लाखो माणसं त्या एवढ्याशा वाडीत येऊन जातात. मेहुण्यांनी काकांना पुढच्या वर्षाची तारीख विचारली, म्हणजे रजा आधीच टाकता येईल. काकांनी हात जोडले आणि वर बघितलं. मेहुण्यांनीही वर बघितलं. तिथे नेटवर्क नव्हतं.

तेव्हा माझा निकाल असा: समुद्र बघायचा असेल तर नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत कधीही जा, फक्त नाताळाचा आठवडा कोल्हापूरकरांना सोडून द्या. आंबा खायचा असेल तर मे, पण सुती कपडे न्या आणि २५ तारखेच्या आत जाऊन या. काही न करता पडवीत बसून पाऊस बघायचा असेल तर जुलै, आणि काकींच्या घरी सुरमई मागू नका. चतुर्थीला कोणी घरचं असेल तरच. सुनामी बेटासाठी अष्टमीच्या आसपासची दुपार धरा. मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली, तुमची गाडी जिथे थांबते तिथे उतरा, पुढे एसटी आणि रिक्षा आहेत. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. मे महिन्याच्या तारखांना ८ वाजून ५ मिनिटांनी बसू नका, तोवर मेहुण्यांची तिकिटं निघालेली असतात.